तारेने कापता येईल असे सिरॅमिक : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

नवी वही. काम असे आहे: काचतंतू मिसळलेले प्लास्टिक ज्या साच्यात दाबाने भरतात, त्यातला एक छोटा इन्सर्ट (साच्यात बसणारा सुटा भाग) पोलादाऐवजी सिरॅमिकचा करायचा. काचतंतू पोलादाच्या कडा घासून बोथट करतात. झिर्कोनिया (झिर्कोनियमचे ऑक्साइड, एक सिरॅमिक) त्यांना जास्त दाद देत नाही. अडचण आहे ती आकाराची. इन्सर्टला कंगव्यासारख्या बारा खाचा आहेत. रुंदी ०.३५ मिमी, खोली १२ मिमी. एवढ्या पातळ हिऱ्याच्या चाकाने एवढे खोल जायचे म्हटले तर चाकच वाकते. कच्च्या अवस्थेत खाचा पाडून मग भाजावे, तर भाजताना प्रत्येक बाजू साधारण २०% आकसते आणि बारा खाचा बारा दिशांना जातात.

म्हणजे उरला वायरकट: बारीक तारेतून ठिणग्या पाडत कापायची रीत. पण वायरकटला जॉबमधून (कापायच्या तुकड्यातून) वीज वाहावी लागते आणि झिर्कोनिया पक्का विद्युतरोधक. तेव्हा झिर्कोनियालाच वाहक करायचे, हा प्रकल्प.

ठिणगीने धातू कापण्याची ही रीत १९४३ सालची, बोरिस आणि नताल्या लाझारेन्को या सोव्हिएत दांपत्याची. ते मुळात ठिणगीमुळे विजेच्या संपर्कबिंदूंची होणारी झीज थांबवायला निघाले होते. झीज थांबेना, तेव्हा तिलाच कामाला लावले. आपले काम त्याच्या पुढचे: जिथे ठिणगी पडतच नाही तिथे ती पाडायची.

८ जानेवारी

पर्याय चाळले. सिलिकॉन झिरपवलेले सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड, टायटॅनियम डायबोराइड हे सगळे कमीजास्त वाहक आहेत, थेट कापता येतात. पण चिवटपणात झिर्कोनियापुढे टिकत नाहीत. पातळ दात असलेल्या इन्सर्टला चिवटपणाच हवा.

दुसरा रस्ता सहायक इलेक्ट्रोडचा. विद्युतरोधक सिरॅमिकवर वाहक थर द्यायचा आणि तेलात स्पार्क करायचा. थर संपला तरी तेलाच्या विघटनातून निघणारा कार्बन पृष्ठभागावर बसत राहतो आणि तोच पुढचा वाहक थर होतो. कल्पना मला फार आवडते. पण त्याला तेल लागते, आमचे वायरकट यंत्र पाण्यावर चालते. शिवाय वेग फार कमी.

तिसरा रस्ता घेतला: झिर्कोनियात टायटॅनियम नायट्राइडचे कण इतके मिसळायचे की ते एकमेकांना टेकून आत जाळे तयार करतील. नायट्राइडची स्वतःची रोधकता (पदार्थ विजेला किती अडवतो त्याचे माप) साधारण २५ मायक्रोओहम-सेंमी, म्हणजे स्टेनलेस स्टीलपेक्षाही कमी. तापल्यावर फुगण्याचे प्रमाणही झिर्कोनियाच्या जवळचे, त्यामुळे थंड होताना दोघांत ओढाताण कमी.

संदर्भासाठी: रोधकता १०० ओहम-सेंमीच्या खाली असली तर स्पार्कने कापता येते, असे सगळीकडे सांगतात. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला.

१० जानेवारी

हिशेब. जाळे तयार होणे आकारमानावर ठरते, वजनावर नाही, पण तराजू वजन मोजतो. घनता: झिर्कोनिया (३ मोल टक्के यट्रिया, म्हणजे यट्रियमचे ऑक्साइड, असलेला) ६.०५, टायटॅनियम नायट्राइड ५.४ ग्रॅम प्रति घनसेंमी. आकारमानाने ३०% नायट्राइड म्हणजे वजनाने २७.७%, आणि मिश्रणाची पूर्ण घनता ५.८५५. फरक थोडा वाटतो, म्हणूनच तो विसरला जातो. नायट्राइडऐवजी टंगस्टन कार्बाइड घेतले असते तर तेच ३०% वजनाने निम्म्याहून जास्त भरले असते.

चार घाणे ठरवले: १५, २०, ३० आणि ४०%, सगळे आकारमानाने. साचा ४० मिमी व्यासाचा, चकती ५ मिमी जाड. म्हणजे एका चकतीला साधारण ३७ ग्रॅम पावडर.

१४ जानेवारी

पावडर आयसोप्रोपॅनॉलमध्ये झिर्कोनियाच्या गोळ्यांसह २४ तास बॉल मिलमध्ये फिरवली. गोळ्या झिजून झिर्कोनियाच मिसळला तर निदान परका पदार्थ येत नाही.

चूक वाळवताना झाली. घोळ ट्रेमध्ये ओतून रात्रभर ठेवला. सकाळी ट्रेच्या तळाशी एक छटा, वरच्या सायीवर दुसरी. मिसळायला २४ तास लागले आणि वेगळे व्हायला एक रात्र पुरली. पुन्हा मिलमध्ये. आता निर्वाताखाली फिरत्या फ्लास्कमध्ये वाळवायचे, म्हणजे कणांना खाली बसायला सवडच मिळणार नाही.

२१ जानेवारी

चारही चकत्या हॉट प्रेसमधून (तापवतानाच दाब देणाऱ्या भट्टीतून) निघाल्या. १५०० °से, ३० मेगापास्कल, १ तास, निर्वात. साचा ग्रॅफाइटचा, आत ग्रॅफाइटची पातळ फॉइल. घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने काढली: सगळ्या ९८ टक्क्यांच्या वर.

आणि बातमी अशी की १५% वाली चकतीसुद्धा वाहते! मल्टिमीटरच्या दोन टोकांत जेमतेम काही ओहम. इतक्या कमी नायट्राइडमध्ये काम भागले तर झिर्कोनियाचा चिवटपणा जवळजवळ सगळाच हातात राहील. सगळ्यांना दाखवून आलो.

२३ जानेवारी

सगळ्यांना दाखवायला नको होते.

चकत्यांचे तोंड हिऱ्याच्या चाकावर घासले. १५% वाली मेली. मीटर थेट ओपन, म्हणजे वीज वाहतच नाही. चाक फिरण्याआधी जी वाहकता दिसत होती ती आमच्या नायट्राइडची नव्हतीच. ती फॉइलमधून चिकटलेल्या कार्बनची आणि पृष्ठभागावर कार्बन शिरून तयार झालेल्या काळ्या सालीची होती. साल काढली, वाहकता गेली.

यापुढे नियम: मोजणी करण्याआधी सगळ्या बाजू, कडासुद्धा, निदान अर्धा मिमी घासायच्या. कडा विसरल्या तर वीज बाजूच्या सालीवरून फेरा मारून येते आणि मीटर खूश होतो.

२८ जानेवारी

आता खरी मोजणी. प्रत्येक चकतीतून ३ × ४ × ३५ मिमीच्या पट्ट्या. चार टोकांची पद्धत: बाहेरच्या दोन टोकांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन टोकांत फक्त व्होल्टेज बघायचे. ते का, हे आज स्वतः पाहिले. ३०% वाल्या पट्टीवर साधा मल्टिमीटर लावला तर ४ ते ७ ओहम, हाताच्या दाबाप्रमाणे बदलणारे. चार टोकांनी मोजले तर २० मिमी अंतरावर ०.३३ ओहम, स्थिर. बाकी सगळा संपर्काचा रोध होता.

१५%: काही नाही.
२०%: एका पट्टीत ९०० ओहम-सेंमी, तिच्या शेजारच्या पट्टीत त्याच्या चाळीसपट, तिसरीत ओपन.
३०%: ०.०२ ओहम-सेंमी.
४०%: ०.०००९ ओहम-सेंमी. इथे मिलिव्होल्टचा खेळ आहे, संपर्क थोडा गरम झाला तरी आकडा सरकतो. प्रवाहाची दिशा उलटवून दोन्हींची सरासरी घेतली.

चारही घाण्यांत मला २०% ची चकती सर्वांत बोलकी वाटते. एकाच चकतीतल्या तीन पट्ट्या तीन पदार्थ असल्यासारख्या वागतात. जाळे जेमतेम जुळायच्या बेतात आहे. कुठे जुळले, कुठे एका कणाने हुकले. सारख्या आकाराचे गोल कण विस्कळीत मिसळले तर साधारण १६ टक्क्यांना अखंड वाट तयार होते, असे सिद्धांत सांगतो. पण आमचे कण सारखे कुठे आहेत? नायट्राइड मायक्रॉनभर आणि झिर्कोनिया त्याच्या कितीतरी पट बारीक. बारीक विद्युतरोधक कण मोठ्या वाहक कणाभोवती पीठ माखल्यासारखे बसतात आणि दोन वाहक कणांना भेटू देत नाहीत. उंबरठा वर सरकतो. याच्या उलट केले, म्हणजे वाहक कण बारीक घेतले, तर तेच दुसऱ्याच्या कडेकडेने रांगा लावतील आणि कमी मालात वाट जुळेल.

बारीक नायट्राइड मागवले.

३ फेब्रुवारी

हॉट प्रेसशिवाय, साध्या भट्टीत भाजून चालेल का हे पाहण्यासाठी ३०% च्या काही पट्ट्या बाइंडर (कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ) घालून दाबल्या होत्या. बाइंडर जाळायला त्या ६०० °से ला हवेच्या भट्टीत गेल्या. मी कार्यक्रम लिहिला होता, वातावरणाचा रकाना रिकामा ठेवून. नेहमीच्या झिर्कोनियाला हवा चालते, म्हणून भट्टीवाल्या सहकाऱ्याने हवा लावली. त्याचा दोष नाही.

पट्ट्या तपकिरी गेल्या, पिवळट पांढऱ्या आल्या, भेगाळलेल्या. नायट्राइडचे ऑक्साइड झाले, नायट्रोजन निघून गेला. वजनाने पुरावा दिला: टायटॅनियम नायट्राइडचे पूर्ण ऑक्साइड झाले तर त्याचे वजन २९% वाढते, आमच्या मिश्रणात नायट्राइड वजनाने २७.७%, म्हणजे पट्टीचे वजन जास्तीत जास्त ८% वाढू शकते. बाइंडरचे वजन वजा करून वाढ निघाली ६.१%. तीनचतुर्थांश नायट्राइड गेले. भेगांचेही कारण तेच: ऑक्साइडला नायट्राइडपेक्षा सुमारे ६४% जास्त जागा लागते. एवढी जागा मागितल्यावर पट्टी फुटणारच.

बाइंडर यापुढे नायट्रोजनमध्ये जाळायचा. पण सध्या तो रस्ताच बंद करतो, हॉट प्रेस पुरे.

१२ फेब्रुवारी

वायरकटवर पहिली खेप. ३०% ची चकती, ०.२५ मिमीची पितळी तार, डीआय (क्षार काढलेले) पाणी. यंत्रावरच्या काकांनी चकती हातात घेऊन उलटसुलट केली, नखाने वाजवली आणि म्हणाले, "हे कापायचं? बशीसारखं वाजतंय."

पहिल्या चार मिनिटांत तार तीनदा तुटली. ठिणग्या पडत होत्या, पण अडखळत. काकांनी जनरेटरकडे न बघता क्लॅम्पकडे बघितले. जॉब काढला तर जबड्याखाली काळा डाग. ठिणगी तार आणि जॉब यांच्यात पडत होती तशीच जॉब आणि क्लॅम्प यांच्यातही. पोलादाचा जॉब जबड्याला टेकला की टेकला. सिरॅमिक दोन-चार उंचवट्यांवरच टेकते आणि सगळा प्रवाह त्या चार बिंदूंतून जायला बघतो.

उपाय सोपा निघाला. जिथे क्लॅम्प बसतो त्या पट्ट्यावर चांदीचा रंग लावला, वर पातळ तांब्याची पट्टी ठेवली, मग आवळले. तार पुन्हा तुटली नाही. मिनिटाला साधारण १ मिमीने ५ मिमी जाडी कापली गेली.

एक गंमत. तुकडा सुटून पडताना तारेवर कलू नये म्हणून काका नेहमीप्रमाणे लोहचुंबक घेऊन आले, जॉबवर ठेवला आणि तो घरंगळून पाण्यात गेला. दोघेही हसलो. पण प्रश्न खरा आहे: पोलादात तुकडा चुंबकाने धरून ठेवता येतो, इथे नाही. शेवटचा मिमीभर टेकू सोडून द्यायचा आणि तो नंतर तोडायचा, असे ठरले.

१३ फेब्रुवारी

पहिल्या पानावरच्या लाल आकड्याशी आज हुज्जत घातली.

समजा वीज क्लॅम्पपासून तारेपर्यंत जॉबमधून ३ सेंमी जाते आणि वाटेचा छेद १ चौरस सेंमी आहे. रोधकता १०० असेल तर वाटेचा रोध ३०० ओहम. ८० व्होल्टला प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास. ठिणगी पडेल, हो, पण अशा ठिणगीने कापणे म्हणजे सुईने विहीर खोदणे. रोधकता १ असेल तर ३ ओहम. तरीही ५० अँपिअरचा पल्स मिळणे अशक्य, कारण त्यासाठी जॉबमध्येच १५० व्होल्ट खर्ची पडतील. आमच्या ०.०२ ला ०.०६ ओहम, म्हणजे ५० अँपिअरला ३ व्होल्ट. ठिणगीला स्वतःला लागणाऱ्या २०-२५ व्होल्टच्या तुलनेत हे परवडते.

१०० हा आकडा ठिणगी पडण्याची हद्द सांगतो. वेगाने कापायचे तर त्याच्या हजारांश तरी हवे. लाल शाईखाली निळ्या शाईने ०.१ लिहिले.

१९ फेब्रुवारी

कापलेला पृष्ठभाग एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली). वितळून गोठलेला, फेसासारखा थर, त्यात गोल बुडबुड्यांच्या खुणा आणि वर कोरड्या तळ्यासारखी बारीक भेगांची नक्षी. बुडबुडे नायट्रोजनचे. ठिणगीच्या उष्णतेने नायट्राइड फुटते, वायू बाहेर पडायला बघतो आणि वितळलेला झिर्कोनिया त्याच्यासकट गोठतो. भेगा झिर्कोनियाच्या उष्णतावाहकतेमुळे: ती इतकी कमी की वरचा थर वितळतो तेव्हा चार-पाच मायक्रॉन खाली फारशी खबर नसते. थंड होताना वरचा थर आकसू बघतो, खालचा त्याला आकसू देत नाही.

कडेला निळसर-जांभळी छटाही आहे. पाण्यातल्या विद्युत-अपघटनाने नायट्राइडचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज झालेला दिसतो. जनरेटरला उलटसुलट ध्रुवतेचा मोड आहे. पुढच्या वेळी तो.

२६ फेब्रुवारी

एका रफ कटनंतर (पहिल्या भरड कापानंतर) तीन ट्रिम कट (त्याच वाटेने हलके काप) दिले, प्रत्येक वेळी पल्सची ऊर्जा कमी करत. खडबडीतपणा (आरए) २.१ वरून ०.५ मायक्रॉनवर आला. फेस जवळजवळ गेला, तुरळक खड्डे उरले.

मग पट्ट्या वाकवून तोडल्या. हिऱ्याने घासलेल्या ९१० मेगापास्कल, फक्त रफ कट दिलेल्या ४७०, ट्रिम दिलेल्या ७२०. प्रत्येकी पाचच पट्ट्या. पाच पट्ट्यांवर वायबुल मोड्युलस (ताकद पट्टीगणिक किती बदलते ते सांगणारा आकडा) काढून मोठेपणा मिरवायचा नाही, त्याला तीसेक तरी लागतात. पण रफ कटने ताकद निम्मी होते, हे सांगायला पाच पुरतात. ट्रिम कट हा देखणेपणासाठी नसून दात टिकावेत म्हणून आहे, हे काकांनाही सांगितले. ते दुसरा ट्रिम वाचवायच्या विचारात होते.

५ मार्च

बारीक नायट्राइडचा घाणा, २५%. रोधकता ०.०११. म्हणजे जाड्या पावडरच्या ३० टक्क्यांपेक्षा चांगली, तेही कमी मालात. २८ जानेवारीचा तर्क खरा ठरला. एवढे फळ अपेक्षित नव्हते.

कमी माल का हवा, हे एकदा लिहून ठेवतो, नाहीतर पुढे कुणी म्हणेल सरळ ४०% घाला आणि मोकळे व्हा. झिर्कोनियाचा चिवटपणा त्याच्या स्फटिकरचनेच्या बदलातून येतो. चीर पुढे सरकली की तिच्या टोकाजवळचे कण चतुष्कोणी रचनेतून एकनत रचनेत जातात, साधारण ४% फुगतात आणि चीर दाबून धरतात. नायट्राइडला ही विद्या येत नाही. जितके नायट्राइड जास्त, तितके हे पहारेकरी कमी.

बारीक पावडरचे दुखणेही आहे: पृष्ठभाग जास्त, म्हणून तिच्यात ऑक्सिजनही जास्त. डबा उघडला की वापरून संपवायचा.

११ मार्च

२५% च्या चकतीवर पहिली खाच. ७ मिमी गेली आणि तार तुटली. पुन्हा ओवली, चालू केले, त्याच जागी तुटली. क्लॅम्प तपासला, चांदी ठीक. पाण्याची वाहकता ठीक. फ्लशिंग (फट धुणारी पाण्याची धार) ठीक.

दुसरी खाच पूर्ण गेली. तिसरी ४ मिमीवर अडली. काका म्हणाले, "आत खडा आहे." मी म्हणालो, असे कसे असेल, रोधकता ०.०११ आहे. त्यांनी खांदे उडवले.

१२ मार्च

आत खडाच होता.

अडलेली खाच आडवी फोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तपकिरी सोनेरी पार्श्वभूमीवर एक पांढरट बेट, ०.१५ मिमीचे, निव्वळ झिर्कोनियाचे. आजूबाजूला शोधले तर आणखी लहान बेटे सापडली. जी खाच पूर्ण गेली होती तिच्या भिंतीवरही तारेच्या दिशेला आडवी अशी एक बारीक वरंबी होती. तिथे तार एका लहान बेटाला घासून पुढे निसटली होती.

काय होते ते असे: तार बेटापाशी पोचते. तिथे ठिणगी पडत नाही, पण बेटाच्या वर-खाली सगळ्या उंचीवर ठिणग्या पडतच असतात, म्हणून सर्व्होला (तार पुढे-मागे नेणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेला) वाटते सगळे छान आहे आणि तो तार पुढे ढकलतो. तार बेटावर अडून धनुष्यासारखी वाकते आणि तुटते. बेट फार तर सगळ्या आकारमानाचा हजारावा भाग असेल. चार टोकांच्या मोजणीत ते दिसणारच नाही, वीज शांतपणे बाजूने जाते. मी दोन महिने ज्या आकड्याच्या मागे लागलो तो सगळ्या पट्टीची सरासरी आहे. तारेला सरासरीशी कर्तव्य नाही, तिला तिच्या वाटेवरचा प्रत्येक दशांश मिमी वाहक हवा. मागे जाऊन वही वाचली तर १५% ची साल, २०% च्या तीन पट्ट्या, क्लॅम्पखालचा डाग, सगळीकडे हेच लिहिलेले आहे: वाहकता किती यापेक्षा ती नेमकी कुठे आहे. माझ्याच अक्षरात.

१४ मार्च

बेटांचा उगम सापडला. आम्ही घेतलेला झिर्कोनिया "दाबायला तयार" प्रकारचा आहे, म्हणजे बारीक कणांना थोडा बाइंडर लावून केलेले दाणे. साच्यात ते वाळूसारखे वाहतात, तिथे ती सोय. इथे शाप: बाइंडरने धरलेले ते दाणे आयसोप्रोपॅनॉलमध्ये सगळे फुटतच नाहीत आणि नायट्राइडला आत शिरकाव मिळत नाही. जाड्या पावडरच्या ३०% चकतीत बेटे असणारच, फक्त आम्ही तिथे एकच सरळ काप घेतला आणि नशिबाने वाचलो.

बदल: बाइंडर नसलेला झिर्कोनिया. तो आधी एकटाच ओला दळायचा, अल्ट्रासॉनिक द्यायचा आणि मगच त्यात नायट्राइड. वाळवल्यानंतर बारीक चाळणीतून, जे वर राहील ते परत मिलमध्ये. बोटाने दाबून खाली घालायचे नाही. (हे माझ्यासाठीच.)

तपासणीही बदलली. प्रत्येक चकतीचा एक छेद पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बेटे मोजायची. ०.०२ मिमीपेक्षा मोठे एक जरी दिसले तरी चकती कापायला द्यायची नाही, रोधकता काहीही असो.

२४ मार्च

नवा घाणा, २५%. रोधकता ०.०१३, म्हणजे आधीपेक्षा किंचित वाईट. मी बेफिकीर. छेदात मोठे बेट एकही नाही.

२७ मार्च

सलग पाच खाचा. तार शाबूत.

७ एप्रिल

इन्सर्ट पूर्ण. बारा खाचा, रफ आणि तीन ट्रिम, उलटसुलट ध्रुवतेचा मोड. जांभळी छटा नाही. खाचांचे तळ अर्धगोल आहेत, तारेची त्रिज्या अधिक ठिणगीची फट. नकाशात काटकोन काढणाऱ्याला हे आधीच सांगून मान्य करून घेतले होते. पिन गेजने (ठरावीक जाडीच्या पिनांनी) मापले: ०.३५ ची पिन नऊ खाचांत अलगद, दोघींत किंचित घट्ट. सातवी खाच खालच्या बाजूला ०.०१ मिमी पसरट आहे. तिथे फ्लशिंगची धार शेजारच्या दातावर आदळत होती, नोझल सरकवल्यावर पुढच्या खाचा सरळ आल्या. आठव्या दाताच्या टोकाला टवका, केसाएवढा. तो माझ्या चिमट्याचा, यंत्राचा नाही.

काकांनी चांदीचा रंग स्वतःच आणून ठेवला आहे आणि क्लॅम्पच्या पेटीवर "बशीसाठी" असे लिहिले आहे.

९ एप्रिल

इन्सर्ट साच्याकडे गेला. तिकडून लगेच निरोप: हा चालला तर पुढचा २० मिमी जाड हवा. तेवढ्या जाडीत गाभ्यापर्यंत उष्णता सारखी पोचेल का, हे करूनच कळेल. म्हणून मधला आणि कडेचा असे दोन छेद काढायचे. साचा तोच ४० मिमीचा, पावडर १४८ ग्रॅम लागेल. एका मिलमध्ये मावणार नाही, दोन घाणे करून एकत्र चाळावे लागतील.

झिर्कोनिया आज एकटाच मिलमध्ये टाकला. चाळणी धुऊन वाळत ठेवली आहे.